गॅसभरणी, अवजड वाहनांच्या एसीतील

डंपर, ग्रेडर, मालट्रक अशा वाहनांच्या केबिनमधील एसीत शीतक वायू पुन्हा भरण्याचे काम. शीतक बंद नळ्यांतून फिरतो, डिझेलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे. अवजड वाहनात सततच्या हादऱ्यांनी होजचे सांधे आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील आधी दगा देतात. गळती न शोधता ‘टॉप-अप’ करणे हा या धंद्यातला सर्वांत खपणारा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय.

म्हैसूरमध्ये बीईएमएल (स्थापना १९६४) या कंपनीचा डंपर बनवणारा कारखाना आहे. तिचे डंपर कोल इंडियाच्या खाणींत चालतात. म्हैसूरची हवा सौम्य. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कोळशाची धूळ कंडेन्सरच्या जाळीत बसते. उष्णता बाहेर पडत नाही, गारवा कमी होतो. हे ‘गॅस कमी’ समजून आणखी भरला, तर आधीच चढलेला दाब अधिक चढतो. अशा वेळी जाळी धुणे पुरते.

भरणीचा क्रम ठरलेला आहे. उरलेला वायू यंत्राने परत काढून घेतात, नायट्रोजनच्या दाबाखाली सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती शोधतात, दुरुस्तीनंतर ड्रायर बदलतात आणि व्हॅक्यूम मारतात. निर्वातात आतले पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. ते राहिले तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते, शिवाय आम्ल तयार होऊन धातू खाते. कॉम्प्रेसरचे पॅग तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून त्याचा डबा उघडा ठेवत नाहीत.

मग वाहनाच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरतात. एसी बंद असताना गेज पाहून प्रमाण कळत नाही: ३० अंशांना आर-१३४ए सुमारे ९७ पीएसआय दाखवतो, आत द्रवरूप शीतक थोडा असो वा भरपूर.

जुना वायू हवेत सोडणे सर्रास चालते. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४एचा तापमानवाढीवरील परिणाम सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. अशा वायूंवर लगाम घालणारी किगाली दुरुस्ती (२०१६) भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. दुसरीकडे, २०२५ मध्ये साडेतीन टनांवरील नव्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाल्याने हे काम महामार्गावरच्या गॅरेजांतही वाढणार आहे.