जव्हारचे फ्लाइट लेफ्टनंट

संस्थानिक म्हटला म्हणजे शर्यतीचे घोडे, वाघांच्या शिकारी आणि विलायतेच्या वाऱ्या, असे एक ठरीव चित्र शहरातील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र अगदीच खोटे होते असे म्हणता येणार नाही. तथापि त्या चौकटीत न बसणारेही काही पुरुष होऊन गेले, आणि जव्हारचे यशवंतराव मार्तंडराव मुकणे हे त्यांपैकी एक होत. एकाच आयुष्यात त्यांनी तीन वेष धारण केले. पहिला वंशपरंपरेने मिळालेला राजवेष, दुसरा स्वेच्छेने पत्करलेला हवाई दलाचा गणवेश आणि तिसरा लोकांनी मतपेटीतून दिलेला प्रतिनिधीचा साधा पोशाख.

मुंबई आणि नाशिक यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात जव्हारचे संस्थान पसरलेले होते. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. १९०१ सालच्या खानेसुमारीत लोकवस्ती ४७,५३८. प्रजेत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासींचाच भरणा. स्वतः राजघराणेही महादेव कोळ्यांचे. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकात हे राज्य उभारले आणि १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्यांच्या पुत्रास राजा म्हणून मान्यता दिली, असे घराण्याची परंपरा सांगते. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवछत्रपतींनी ज्या माळावर जव्हारच्या राजाला शिरपेच दिला, तो शिरपामाळ गावाजवळ आजही दाखविला जातो. इंग्रजी अमदानीत या गादीला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. मान मोठा आणि मुलूख गरीब, अशी जव्हारची स्थिती होती. पावसाळ्यात नद्या-ओहोळ तुडुंब भरले म्हणजे पाडे एकमेकांपासून तुटत. नाचणी आणि वरई यांवर गुजराण करणाऱ्या माणसाला आगगाडी, दवाखाना आणि शाळा ही तिन्ही सारखीच दूर असत.

यशवंतरावांचा जन्म १९१७ सालचा. १९२७ मध्ये वडील विक्रमशहा निवर्तले आणि दहा वर्षांचा मुलगा पाचवा पतंगशहा या नावाने गादीचा धनी झाला. तो वयात येईपर्यंत कारभार इतरांच्या हाती राहिला. १९३८ च्या सुमारास राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा त्यांचे वय जेमतेम विशीचे होते.

त्यांच्या कारकीर्दीतील जव्हारात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत विनामूल्य होती. हायस्कूल, मध्यवर्ती ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, रुग्णालय, प्रसूतिगृह, एवढ्या संस्था त्या छोट्या गावात उभ्या राहिल्या होत्या. यांत विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे फिरता दवाखाना. रुग्णालय कितीही चांगले बांधले तरी दहा कोसांवरच्या पाड्यावरील तापकरी मनुष्य तेथवर पोहोचावा कसा? रोग्याने औषधाकडे यावे ही शहराची रीत झाली. डोंगरात औषधानेच रोग्याकडे जावयास हवे.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. हिंदी हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने जन्मास आले होते. परंतु १९३९ साली युद्धाचा भडका उडाला तेव्हा त्याच्यापाशी अवघे एक स्क्वाड्रन होते. वैमानिक होण्याची योग्यता हिंदी तरुणांत आहे काय, अशी शंका घेणारे गोरे अधिकारी त्या काळी थोडे नव्हते. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे जपानी बॉम्ब पडले, तेव्हा आकाशाचे रक्षण हा दूरचा विषय उरला नाही. युद्धाच्या अखेरीस त्याच दलाची नऊ स्क्वाड्रने झाली होती आणि ब्रह्मदेशाच्या मोहिमेत हिंदी वैमानिकांनी त्या शंकेला चोख उत्तर दिले होते.

या वाढत्या दलात जव्हारच्या राजांनी प्रवेश केला आणि फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा धारण केला. या हुद्द्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पुष्कळ संस्थानिकांना लष्करातील मोठमोठे सन्माननीय हुद्दे बहाल होत. ते दरबारी पोशाखाचे भूषण असे. फ्लाइट लेफ्टनंट ही पायरी पायदळातील कॅप्टनच्या तोडीची. बाहीवर दोन पट्ट्या, आणि वर स्क्वाड्रन लीडरपासून पुढे अधिकाऱ्यांची लांबलचक रांग. म्हणजे ज्याच्या आगमनाला नऊ तोफा उडावयाच्या, त्याने एखाद्या कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या मुलाला, तो हुद्द्याने वरचा म्हणून, आधी सलाम करावयाचा. हवाई दलात कुळाला किंमत नव्हती. यंत्राला राजा कळत नाही. त्याला फक्त नेमका हात आणि सावध नजर कळते.

युद्ध संपले आणि पाठोपाठ राज्येही संपली. १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा एक तालुका झाले. सहा शतकांची गादी एका सहीने इतिहासजमा झाली. अशा प्रसंगी कित्येक संस्थानिक तनखा घेऊन स्वस्थ बसले. यशवंतराव मात्र निवडणुकीस उभे राहिले. १९६२ साली भिवंडी मतदारसंघातून आणि १९६७ साली डहाणूतून काँग्रेसच्या वतीने ते लोकसभेवर निवडून गेले. डहाणूची जागा आदिवासींसाठी राखीव होती. ज्यांच्या पूर्वजांनी सारा वसूल केला, त्यांनाच प्रजेच्या दारी मत मागण्यास जावे लागले, आणि प्रजेने ते दिले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

इतिहासाने गौरव करावा, पण हिशेब चुकवू नये. यशवंतराव गादीवर असतानाच, १९४५ साली, शेजारच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्याने दाखवून दिले की, वरून मिळालेली दया आणि खालून मिळविलेला हक्क यांत मोठे अंतर असते. चांगला राजा दवाखाना देऊ शकतो. परंतु राजा गेल्यावर तो दवाखाना टिकेल याची हमी लोकांच्या संघटित शक्तीखेरीज कोणीच देऊ शकत नाही. याचा दारुण पडताळा १९९२ साली आला. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. मुंबईसारख्या धनाढ्य नगरीच्या उशाशी हे घडले. तेव्हा तेथे राजा नव्हता, परकीय सत्ता नव्हती. राज्य आपलेच होते.

२०१४ पासून जव्हार पालघर जिल्ह्यात मोडते. जयविलास राजवाडा टेकडीवर उभा आहे, आणि पाहुणे तो कौतुकाने पाहून जातात. राजवाड्याच्या कमानी पाहणाऱ्याने त्या छोट्या संस्थानातील फिरत्या दवाखान्याचीही आठवण करावी. पाड्यापर्यंत औषध पोहोचविण्याचे जे काम तेथे आरंभिले गेले, ते पुरे झाल्याखेरीज त्या मुलखाचे ऋण फिटले असे म्हणता येणार नाही.