नावामागचा जिल्हा

एकोडी नावाचं एक गाव भंडाऱ्याच्या साकोली तालुक्यात आहे, दुसरं गोंदिया तालुक्यात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी दोन्ही पत्ते ‘जि. भंडारा’वरच संपत आणि फरक कळे तो ‘ता.’पुढच्या शब्दावरून. इंटरनेटवरची नावंही अशीच उजवीकडे व्यापक होत जातात. त्यातल्या शेवटच्या शब्दाला ठरावीक अर्थ असावा का, या प्रश्नापासून आपला विषय सुरू होतो. त्यात शिरायला संगणकाची पदवी लागत नाही.

१९८४च्या ऑक्टोबरात जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी आखणी मांडली: डॉट कॉम व्यापाराला, डॉट एज्यु शिक्षणाला, डॉट गव्ह सरकारला. डॉट कॉम देताना कागदपत्रं तपासायची पद्धत रुजली नाही, म्हणून तिचा अर्थ विरला. डॉट एज्युसाठी आजही संस्थेची मान्यता पाहतात, म्हणून तो टिकला. तुवालू या बेटांच्या देशाची डॉट टीव्ही तर जगभरच्या व्हिडिओवाल्यांनी उचलली. त्यातून तुवालूला उत्पन्न मिळतं.

माझं मत असं, की अर्थ शब्दात नसतो, तो तपासणाऱ्यात असतो. आपल्याकडे डॉट इन २००५पासून सर्वांना खुली झाली, पण डॉट गव्ह डॉट इन सरकारी कार्यालयांपुरतीच राहिली. भंडारा जिल्ह्याचं संकेतस्थळ तिथंच आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी डॉट बँक डॉट इन जाहीर केली. नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे, बँकांना तिथं जायची मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. एकोडीच्या खातेदाराला तिचा उपयोग आहे, पण नाव शेवटाकडून वाचायची सवय लागली तर. ‘बँक’ हा शब्द नावात आधी कुठंही घुसवता येतो, आणि भामटे तेच करतात.

इथं खरी गुंतागुंत सुरू होते. सहकारी पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर देखरेख राज्याच्या सहकार खात्याची. म्हणून हा शेवट तिला मिळत नाही, आणि ते रास्तच आहे. पण उद्या तिचाच ठेवीदार तिचं अस्सल संकेतस्थळ पाहून विचारेल, ‘याच्यामागं बँक डॉट इन कसं नाही?’ आत कोण आहे हे असा शेवट सांगतो. बाहेरच्यांविषयी तो काहीच सांगत नाही. हा भेद लोकांपर्यंत पोचवायचा कोणी, नोंदणी करणाऱ्यांनी, बँकांनी की शाळांनी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.