रंगाची साक्ष

मी जन्मभर मराठी शिकविली. प्रयोगशाळेत माझा वावर नाही. तरीही या स्मृतिव्याख्यानासाठी रंगावरून जीव ओळखण्याच्या विद्येचा इतिहास मी निवडला, कारण त्यातील एक महत्त्वाचा धागा बियाण्यापाशी सुरू होतो, आणि बियाणे ही कोरगावकरांच्या घरचीच गोष्ट.

मिठाच्या पाण्यात भात टाकले की पोचट दाणा तरंगतो, भरलेला बुडतो. पण बुडालेला दाणा जिवंत आहे की नाही, हे पाणी सांगत नाही. खाजनातले कोरगुट असो वा दुसरे भात, मोड येईपर्यंत थांबावेच लागते. जर्मनीत होहेनहाइम येथे गेओर्ग लाकोन यांनी १९४२च्या सुमारास ही प्रतीक्षा पुष्कळ कमी केली. टेट्राझोलियम या रंगहीन क्षाराच्या द्रावणात चिरलेले बी ठेवले की श्वसन करणारा भाग तांबडा होतो. मृत भाग तसाच राहतो.

माणसाच्या पेशींचा प्रश्न अधिक नाजूक. (विश्वकोश ‘कोशिका’ म्हणतो, मला शाळेतली ‘पेशी’च जवळची वाटते.) पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमला रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली संशोधन केले, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचा अनुभव घेतला आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी वाढवू लागले की त्यांतल्या जिवंत किती, हे नित्य पाहावे लागते. त्यासाठी जुनी रीत ट्रिपॅन ब्ल्यूची. जिवंत पेशीचे पटल हे निळे रंजक अडविते, मृत पेशीत ते शिरते. मात्र सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी मोजावी लागते.

१९८३ साली टिम मोसमन यांनी टेट्राझोलियमच्याच कुळातील एमटीटी हा पिवळा क्षार वापरला. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवितात. ते विरघळवून रंगाची गडदता यंत्राने मोजतात. शेकडो नमुने एका दिवसात तपासता येऊ लागले, कर्करोगावरील औषधांची चाळणीही वेगाने होऊ लागली.

परंतु भाषेच्या शिक्षकाला येथे शब्द अडतो. जांभळा रंग ‘पेशी जिवंत आहे’ असे म्हणत नाही. ‘तिचा चयापचय चालू आहे’ एवढेच म्हणतो. औषधाने केवळ मंदावलेली पेशीही फिका रंग देते आणि मेल्यासारखी दिसते. असे औषध यशस्वी ठरविले, तर ती पेशी रुग्णाच्या शरीरात पुन्हा वाढू लागेल. म्हणूनच जाणते संशोधक एमटीटीचा आकडा हाती आल्यावरही ट्रिपॅन ब्ल्यू घालून पेशी मोजतात, किंवा औषध धुऊन काढून त्या पुन्हा वाढतात का, हे काही दिवस थांबून पाहतात.