साथ नसते तेव्हा विषाणू कुठे असतो?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात डेंग्यूचे रुग्ण जुलैपासून वाढू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. थंडी सुरू झाली की ती उतरते आणि उन्हाळ्यात सर्वांत कमी होते. पुढच्या पावसाळ्यात मात्र रोग पुन्हा हजर! मधले महिने हा विषाणू काढतो कुठे?

प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढू शकत नाही. म्हणजे त्याला कोणाच्या तरी शरीरात राहणे भाग आहे. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या रक्तात साधारण आठवडाभरच टिकतो. एडिस इजिप्ती डासाची मादी एकदा दूषित झाली की जन्मभर दूषित राहते. परंतु तिचा जन्म असतो दोन-चार आठवड्यांचा. या दोन छोट्या मुदतींच्या बेरजेतून आठ महिने कसे निघणार?

या कोड्याची उकल आधी थंड देशांत सुरू झाली, कारण तिथे ते जास्त ठळकपणे दिसते. बर्फ पडू लागला की डास दिसेनासे होतात आणि वसंतात परत येतात. क्युलेक्स जातीच्या काही डासांच्या माद्या शरद ऋतूत चरबी साठवतात आणि तळघरे, गटारे, गुहा अशा जागी निपचित पडून राहतात. या सुप्तावस्थेत त्या रक्त पीत नाहीत, अंडी घालत नाहीत. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणूची साथ आली आणि ७ माणसे दगावली. थंडी पडली आणि साथ थांबली. परंतु २००० सालच्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी तिथल्या फोर्ट टॉटन या जुन्या किल्ल्यात निजलेले डास गोळा करून तपासले, तेव्हा त्यांच्यात विषाणू सापडला. डासांबरोबर तोही मुक्कामाला होता!

दुसरा मार्ग याहूनही नवलाचा आहे. अमेरिकेत ला क्रॉस या गावी १९६० मध्ये एक मूल मेंदूज्वराने दगावले. त्याच्या मेंदूच्या जपून ठेवलेल्या नमुन्यातून १९६४ मध्ये एक नवा विषाणू मिळाला. त्याचा वाहक असलेला डास झाडांच्या ढोलीत अंडी घालतो आणि हिवाळा पार करतात ती अंडीच; पूर्ण वाढलेले डास थंडीत मरून जातात. मग विषाणू कसा वाचतो? १९७३ मध्ये डग्लस वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दूषित मादी आपल्या अंड्यांमधूनच विषाणू पुढच्या पिढीला देते. वसंतात अंड्यातून निघालेली मादी कोणालाही न चावता जन्मतःच रोगवाहक असते.

आता आपल्याकडे येऊ. ठाणे जिल्ह्यात बर्फ कुठला? जानेवारीतली थंडीही डासाला मारण्याइतकी नसते. मग एडिसचा 'हिवाळा' कोणता? उत्तर आहे, कोरडा काळ. पाऊस येथे बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नंतर छपरावरचे टायर, करवंट्या, फुटके डबे, बांधकामावरची डबकी सारे सुकते. अळ्यांना पाणी उरत नाही. ही अडचण एडिस अंड्यावर मात करायला लावून सोडवतो. मादी अंडी पाण्यावर घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेवर एकेक करून चिकटवते. दोन-तीन दिवसांत आतली अळी तयार होते आणि अंड्याचे कवच असे घट्ट होते, की आतला ओलावा बाहेर जात नाही. मग पाणी आटले तरी अंडे कित्येक महिने तग धरते. पाण्याची पातळी वाढून ते बुडाले की अळी बाहेर पडते. सगळी अंडी एकाच बुडीत उबतात असेही नाही. काही मागे राहतात. पहिला पाऊस फसवा निघाला तरी वंश बुडत नाही.

अंड्याच्या या गुणाने इतिहासही घडवला आहे. एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो जगभरच्या बंदरांत पोचला. पीतज्वर डासांमुळे पसरतो असे क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते, पण त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांचे पथक हवानाला आले, तेव्हा फिनले यांनी त्यांना या डासाची अंडी दिली. त्यांतून निघालेल्या डासांवरच पुढचे प्रयोग झाले. पथकातले जेसी लाझीर यांना त्याच वर्षी पीतज्वराने मृत्यू आला.

अंडे टिकते म्हणून डास टिकतो, हे कळले. पण अंड्यातून डेंग्यूचा विषाणूही टिकतो का? या प्रश्नावर आपल्या देशात काम झाले आहे. जोधपूरच्या वाळवंटी वैद्यक संशोधन केंद्रातले विनोद जोशी, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले देवेंद्र मौर्य आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डेंग्यूच्या तिसऱ्या प्रकारचा विषाणू एडिस इजिप्तीच्या अंड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जातो का, हे त्यांनी पाहिले. सातव्या पिढीपर्यंत तो सापडला.

इथे घाई करून 'सुटले कोडे' म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला चिकुनगुन्याची हकिगत शिकवते. १९६३ मध्ये कलकत्त्यात, १९६४ मध्ये मद्रासमध्ये, १९६५ मध्ये नागपुरात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत या रोगाच्या साथी आल्या. बार्शीची साथ १९७२ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ आली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर मात्र शांतता. बत्तीस वर्षे मोठी साथ नाही! आणि २००५ च्या अखेरीस तो आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात एकदम उसळला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले.

इतकी वर्षे तो अंड्यांत दडून बसला होता काय? पुण्याच्या संस्थेत जुने विषाणू जपून ठेवलेले होते, म्हणून ताडून पाहता आले. १९६३ ते १९७३ चे विषाणू आशियाई वंशाचे निघाले, तर २००६ चे आफ्रिकी वंशाचे. म्हणजे जुना विषाणू जागा झालेला नव्हता. नवाच आला होता. शिवाय २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवत येथे पकडलेल्या एडिस डासांमधून चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला होता. तपासणीत तोही आफ्रिकी वंशाचाच ठरला. साथ दिसण्यापूर्वी निदान पाच वर्षे पाहुणा घरात आलेला होता! चिकुनगुन्याचा विषाणू अंड्यांतून पुढे जात नाही, असे मौर्य यांना १९८७ च्या प्रयोगांत आढळले होते. पुढे २०१० मध्ये केरळात मात्र रानातून आणलेल्या अळ्या वाढवून मिळालेल्या डासांत तो सापडला.

तेव्हा विषाणू टिकण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत: निजलेला डास, दूषित अंडे, बाहेरून आलेला प्रवासी, आणि अखंड चालू राहिलेली साखळी. डेंग्यूच्या बाबतीत मोठ्या शहरांत हा शेवटचा मार्ग महत्त्वाचा आहे. दाट वस्तीत उन्हाळ्यातही कुठे ना कुठे थोडे रुग्ण असतात, ज्यांना लक्षणे जाणवत नाहीत असेही असतात. त्यांना चावायला डास मात्र हवा. तो कोरड्या काळात येतो कुठून?

तो आपण पुरवतो. बारवी धरण, उल्हास नदी असे जलस्रोत जवळ असूनही ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या अनेक वस्त्यांत पाणी रोज, पुरेसे येईल याची खात्री नसते. शहापूरसारख्या धरणांच्या तालुक्यात तर उन्हाळ्यात गावांना टँकरने पाणी द्यावे लागते. म्हणून चाळीच्या गॅलरीत पिंप, न्हाणीघरात ड्रम, गच्चीवर सैल झाकणाची टाकी. निसर्गाने एडिसला आठ महिन्यांचा 'हिवाळा' दिला, तो आपल्या साठवणीने मोडून टाकला. ठाण्याच्या मासुंद्या तलावाला किंवा कल्याणच्या काळ्या तलावाला दोष देण्यात अर्थ नाही; एडिस तलावात नव्हे, घरातल्या भांड्यात वाढतो. आणि पाणी साठवणाऱ्या गृहिणीलाही दोष देऊ नये. नळ नेमाने आला तर पिंप कोण ठेवील?

मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून 'कोरडा दिवस' पाळावा, असे मुलांना सांगितले जाते. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे सल्ला योग्यच आहे. परंतु नुसते पाणी ओतल्याने अळ्या जातात, कडेला चिकटलेली अंडी राहतात आणि पिंप पुन्हा भरले की उबतात. पिंप आतून घासले पाहिजे, विशेषतः पाण्याच्या जुन्या रेषेजवळ.

शाळा सुटण्यापूर्वी, एप्रिलमध्ये, विद्यार्थ्यांना हे काम देता येईल. घरातले पिंप रिकामे झाले की आतली कड भिंगातून पाहावी. मिलिमीटरहूनही लहान, काळे, लांबट ठिपके दिसतात का? किती उंचीवर? आठवड्यात पाणी किती दिवस येते आणि ठिपके किती, असा तक्ता वर्गात करावा. अंडी वर्गात उबवायचा प्रयोग करू नये. पाहून झाल्यावर पिंप काथ्याने खरवडून घासावे आणि धुवण उन्हात तापलेल्या कोरड्या मातीवर ओतावे. पहिला पाऊस पडण्याआधी घासलेल्या पिंपाचा उपयोग जुलैतल्या धुराच्या फवारणीपेक्षा जास्त आहे, कारण धूर उडत्या डासांना मारतो. अंड्यांना तो काही करत नाही.