कान्हेरीचा पावसाळा आणि छायाचित्रकाराची पेटी

मुंबईतील छायाचित्रणाचा इतिहास बहुधा संस्था व व्यक्ती यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होते. या इतिहासाला हवामानाचीही एक बाजू आहे. तिचा विचार बोरिवलीच्या पूर्वेस असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

त्या काळी प्रचारात असलेली ओल्या कलोडियनची पद्धती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन ओतून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावयाची, ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावयाचे आणि लगेच ती धुवावयाची, असा तिचा क्रम होता. हे सर्व काही मिनिटांत उरकावे लागे. कलोडियनमधील ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून उन्हाळ्यात काच फार लवकर सुके. काळोखाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचा व स्वच्छ पाणी हे सारे डोंगरावर वाहून न्यावे लागे. उष्ण प्रदेशांसाठी कॅमेरे सागवानाचे करीत व त्यांचे सांधे पितळी पट्ट्यांनी बांधीत. कारण दमट हवेत नुसता सरस टिकत नाही. १८७१ साली मॅडॉक्सने सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे तंबू अनावश्यक झाला. परंतु जिलेटिन उष्ण पाण्यात मऊ पडते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. म्हणजे अडचण सुटली नाही, तिने रूप पालटले.

अशा साधनांनी आषाढ-श्रावणात, मंद प्रकाशात व झोडपणाऱ्या पावसात लेण्यांचे चित्रण करणे अतिशय दुष्कर होते. कोरड्या ऋतूकडे असा कल असलेल्या नोंदीत एक उणीव राहणे स्वाभाविक आहे. भिक्षूंचा वर्षावास पावसाळ्यातला. कान्हेरीच्या कातळात पन्हळी व टाकी खोदलेली आहेत, ती या पाण्याच्या संग्रहासाठी. तेथील प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे; ‘पानीय’ या पदाशी जोडूनही हा शब्द येतो. उन्हाळ्यातील चित्रात पोढी म्हणजे केवळ एक चौकोनी खड्डा दिसतो. दात्याने दान कशाचे दिले, हे ती भरलेली पाहिल्यावाचून कळत नाही. येथे शब्दाचा अर्थही ऋतूशी बांधलेला आहे.

यास्तव आजच्या अभ्यासकाने पावसातच तेथे जावे. मात्र सिद्धता करून जावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरातील पाऊस केवढा होऊ शकतो, हे त्यावरून ध्यानात येईल. कॅमेऱ्यास जलरोधक आवरण, भिंगास छत्र व पुसण्यास दोन-तीन कोरडी फडकी असावीत. थंड खोलीतून आणलेला कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या उष्णतेस येऊ द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते. घरी परतल्यावर साहित्य पुसून, वाळवून, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावे. ओलसर चामडी पेटीत महिनोन्महिने पडलेल्या भिंगावर बुरशी वाढते व काचेवर कायमचे डाग पडतात.

सारांश, ही काळजी केवळ यंत्राच्या हितासाठी घ्यावयाची नाही. ती घेतली गेली तरच कान्हेरीच्या नोंदीत आजवर दुर्लक्षित राहिलेला ऋतू येईल, आणि लेखातील ‘पोढी’ पाण्यासह पाहावयास मिळेल.