चाकाचे गाऱ्हाणे

कीर्तनकारांच्या तोंडची एक कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. देवांच्या मदतीस गेलेल्या दशरथाच्या रथाचा आस ऐन युद्धात मोडला, तेव्हा शेजारी बसलेल्या कैकेयीने आपला हात चाकात घालून रथ सावरला आणि प्रसन्न झालेल्या राजाने तिला दोन वर दिले. वाल्मीकीच्या ग्रंथात ती जखमी राजाला रणातून दूर नेते, एवढेच आहे. चाकाची गोष्ट मागाहून आली. पण ज्याने ती जोडली त्याला गाडी नीट ठाऊक असली पाहिजे! रामाचा वनवास, रावणाचा वध आणि अयोध्येतले ते दिवे, सारे त्याने एका आसावर तोलून धरले. इतिहासकारांची दृष्टी मात्र इतकी खाली जात नाही. रथात कोण बसला होता हे ते सांगतात. वंगण कोणी घातले होते, हे विचारू नये.

चाक शोधून काढले त्या दिवसापासून घर्षण माणसाच्या मागे लागले आहे. बैलगाडीचे चाक आसावर घासतच फिरायचे. त्याला उपाय एकच, तेल आणि काजळीचे वंगण. त्याचा नळा गाडीखाली टांगलेला असे. वंगण सुकले की चाक कुरकुरू लागे, गाडीवान खाली उतरे, वंगण घाली आणि पुन्हा गाडीत बसून डुलक्या घेऊ लागे. चाकाने आवाज करावा यात कोणाला वावगे वाटत नसे. आमच्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांच्या घोड्यांच्या गाडीचे नावच ‘खडखडा’ होते. आज मोटारीचे चाक जरा गुणगुणले तरी जीव धास्तावतो, आणि तसा तो धास्तावावा हेच योग्य, कारण मधल्या काळात चाकाच्या पोटात फार मोठी क्रांती होऊन गेली आहे.

१७९४ साली वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या गृहस्थाने गाडीच्या आसात लोखंडी गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले. घासण्याऐवजी घरंगळू द्यावे, ही साधी युक्ती. १८६९ साली पॅरिस ते रूआं ही सायकलींची शर्यत जेम्स मूर याने जिंकली, ती गोळ्यांचे बेअरिंग बसवलेल्या सायकलवर. पण गोळ्या एकसारख्या नसल्या तर साऱ्या भाराचा मार मोठ्या गोळीवरच पडतो. ही अडचण श्वाइनफुर्ट या जर्मन गावातल्या फ्रीडरिख फिशरने १८८३ साली गोळ्या एकसारख्या घासणारे यंत्र करून दूर केली. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने निमुळत्या रुळांचे बेअरिंग काढले. वळणावर गाडीचा भार नुसता खाली नव्हे तर आडवाही पडतो, हे त्याने ओळखले होते. घाटातून मोटार नेणाऱ्या प्रत्येकाने या गृहस्थाचे ऋणी असावे.

या इवल्याशा वस्तूची किंमत जगाला कळली ती युद्धात. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी त्याच श्वाइनफुर्टवर दिवसाढवळ्या हल्ला चढवला आणि ६० विमाने गमावली. तिथे ना राजवाडा होता, ना सेनापती. होते ते बेअरिंगचे कारखाने. ते बंद पडले तर रणगाडे आणि विमाने जागच्या जागी थांबतील, असा हिशेब होता.

युद्धाच्या दिवसांत परदेशी सुटे भाग मिळणे कठीण झाले आणि आपल्याकडच्या मिस्त्रींची कसोटी लागली. कोल्हापूरला तशी सवय आधीपासूनच होती. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास इथेच आपला चलत्‌चित्रांचा कॅमेरा घडवला. जे मिळत नाही ते उघडून पाहावे, समजून घ्यावे आणि करावे, ही या गावाची रीत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे उद्यमनगरात अजून आदराने घेतली जातात ती उगाच नव्हेत. शेतावरची तेलाची इंजिने दुरुस्त करता करता तीच बनवणारे हात इथे तयार झाले. बेअरिंग मात्र घरच्या भात्यावर होणारे काम नव्हे. त्याला केसाहूनही बारीक मापे लागतात. जयपूरच्या कारखान्यातून १९५० साली पहिले देशी बेअरिंग बाहेर पडले आणि पुढच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडलाही ते होऊ लागले.

पण बनवणे एक आणि बिघडलेले ओळखणे दुसरे. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेसाठी मला आंबा घाटातून रत्नागिरीस बहिणीकडे जायचे होते. आदल्या दिवशी नातवंडांना पन्हाळा दाखवून उतरताना आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या बाजूने भुंग्यासारखा आवाज येऊ लागला. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आधी गाडीला हातसुद्धा लावला नाही. शेजारी बसून म्हणाले, “काका, चालवा तुम्ही.” मग मोकळ्या रस्त्यावर गिअर काढायला लावला, आवाज तसाच, म्हणजे इंजिनाचा दोष नव्हे. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर नेली. टायरचा असता तर सूर बदलला असता, तो बदलला नाही. मग उजवीकडे वळण घ्यायला सांगितले, आणि आवाज वाढला. उजव्या वळणावर गाडीचे वजन डाव्या चाकावर जाते.

“ऐकतायसा न्हवं? डावं बेरिंग बोलाय लागलंय.”

डॉक्टरांची नळी १८१६ साली निघाली. आमच्या मिस्त्रींना तेवढीही गरज पडली नाही!

परत आल्यावर जॅक लावून चाक उचलले. घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी हात धरून त्यांनी ते हलवले, तर चाक स्पष्ट डुगडुगले. “उद्या घाटात जायाचंय,” मी म्हटले. “ह्ये असलं घेऊन न्हाई जायाचं,” ते म्हणाले, आणि त्यात आर्जव नव्हते. बेअरिंग तापून आवळले गेले तर चाक उतारावर जागीच धरते, नाहीतर आसासकट दगा देते. मागे पोरे बसलेली.

हब काढून रुळे रॉकेलात धुतली, तेव्हा दुखणे डोळ्यांना दिसले. बाहेरच्या कड्याला, ज्याला ते ‘कप’ म्हणतात, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि दोन रुळे उष्णतेने निळी झाली होती. ग्रीसची राखण करणारे रबरी सील फाटून आत पाणी गेले होते. मूळ अपराधी तेच. नुसती रुळे बदलून कप जुनाच ठेवावा, असे शेजारच्या एका शहाण्याने सुचवले. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. कप आणि रुळे जोडीनेच बदलतात, नाहीतर जुने खड्डे नव्या रुळांना महिन्याभरात खातात. नवा कप पितळी सळईने, एका बाजूला न झुकू देता, फिरवून फिरवून ठोकला. रुळांच्या फटीफटीत तळहाताने ग्रीस भरले. मग नट आवळताना चाक सतत फिरते ठेवले, आणि पुरते आवळल्यावर तो थोडा सैल केला. हा ‘थोडा’ किती, ते त्यांच्या बोटांना ठाऊक होते. शेवटी खाचेतून पिन घालून तिची टोके वाकवली.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत हे काही उरलेले नाही. बेअरिंग बंद डब्यासारखे येते, पुष्कळदा हबसकट, आणि ते तसेच्या तसे बदलतात. मला त्याचे दुःख नाही. ते अधिक टिकते आणि त्याला ग्रीस घालावे लागत नाही. मात्र टायर गुणगुणतो आहे की बेअरिंग, हे ठरवायला अजून कोणीतरी शेजारी बसून ऐकावेच लागते.

आमचा जुना कप मिस्त्रींनी फेकला नाही. बाहेरून जरा घासला की पुढचे नवे कप ठोकून बसवायला तो कामी येतो. एवढ्यात गल्लीतली दोन पोरे दारात येऊन उभी राहिली. फळीला बेरिंगची चाके लावून उतारावर सोडायची गाडी त्यांना करायची होती. “ह्येचं न्हाई जमायचं, ह्ये सुटं हुतंय,” म्हणत मिस्त्रींनी डब्यात हात घातला आणि गोळ्यांची तीन जुनी बेअरिंगे काढून दिली.