चारशे पाने आणि एक पेला चहा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस जे पत्र धाडले त्यात विषय असा घातला होता : 'संशोधकाने आपला प्रबंध सामान्य श्रोत्यांस थोडक्यात कसा सांगावा.' पत्र वाचून आम्हांस प्रथम हसू आले आणि मागाहून माजरीचे स्टेशन आठवले. ज्या माणसाने एका विषयावर चारशे पाने भरली, त्यालाच 'थोडक्यात सांगा' म्हणून बजवावे, यात गंमत आहे हे कोणीही कबूल करील. माजरीचे मात्र जरा विस्ताराने सांगितले पाहिजे.

नागपुराहून बल्लारशाकडे जाताना वरोरा मागे पडले की भांदक येण्यापूर्वी माजरी लागते. मुख्य मार्गाला वणीकडची शाखा येथे फुटते. भोवती कोळशाच्या खाणी; फलाटावर टेकलेल्या माणसाच्या धोतराला काळी किनार फुकट मिळावी असे गाव. प्रबंधाची शेवटची टिपणे घेऊन आम्ही चंद्रपुराहून परतत होतो आणि गाडी बदलण्यासाठी तेथे थांबलो होतो. शेजारी खाणीतली पाळी संपवून आलेले पन्नाशीचे एक गृहस्थ चहा घेत होते. आमच्या मांडीवरचे बाड पाहून त्यांनी विचारले, "एवढं काय लिवलं जी, मास्तर?"

आमचा विषय होता चंद्रपूर भागातील मालगुजारी तलावांच्या मालकीहक्काचा इतिहास. आम्ही हुरूपाने सुरुवात केली. गोंड राजांची दानपद्धती, १७५१ मध्ये आलेला भोसल्यांचा अंमल, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरची जमाबंदी, मालगुजारांस मिळालेला स्वामित्वहक्क, त्यातील कायद्याच्या गाठी. चहा संपला. गृहस्थांनी पेला खाली ठेवला आणि सौजन्याने म्हणाले, "खरं असंल जी. पण आमच्या गावची बोडी फुटली, ते तुमच्या कागदात हाय का?"

बोडी म्हणजे लहान तलाव. आम्ही काही तरी पुटपुटलो. तेवढ्यात त्यांची गाडी आली.

त्या प्रश्नाने आमची झोप उडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पदवी मिळाल्यानंतरही तो गेला नाही. मग आम्ही पाहू लागलो की, आपल्यातील थोर विद्वानांनी या अडचणीतून वाट कशी काढली. लोकांना ज्ञान सांगण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली, आणि आपण ज्या मांडवात बसलो आहोत तो त्याच वेलीचा विस्तार आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे तर आपल्या वऱ्हाडात वाढलेले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर काम करून ते परतले आणि तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा करण्यात त्यांनी आयुष्य वेचले. त्यांनी प्रबंध थोडक्यात सांगितला असे मात्र म्हणता येणार नाही! त्यांनी उलट साऱ्या जगाचेच ज्ञान विस्ताराने सांगायला घेतले.

आम्हांस अधिक उपयोगी पडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यातील युक्तिवाद पंडितांसाठी होता : जातीचे खरे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, आणि ते बंधन टिकविण्यासाठी समाजाने काय काय केले ते तपासले पाहिजे. पुढे चार वर्षांनी, जानेवारी १९२० मध्ये, त्यांनी 'मूकनायक' काढले तेव्हा वाचक निराळा होता. तेथे त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे. निबंधातील किती तरी बारकावे येथे गळाले आहेत, पण गाभा गळालेला नाही. जातीबाहेर लग्न नाही म्हणजेच मजल्यामजल्यांत जिना नाही.

त्यांच्या लंडनच्या प्रबंधाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. 'रुपयाचा प्रश्न' हा तो प्रबंध. परीक्षकांनी तो प्रथम फेरलेखनासाठी परत केला, आणि १९२३ साली पदवी मिळून तो ग्रंथरूपाने निघाला. गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. पण शिष्याची सारी मते आपणांस मान्य नाहीत, हेही तिच्यात नमूद केले. (अशी प्रस्तावना आज कोणी छापून घेईल की नाही, शंका आहे.) चलनाचा विषय रुक्ष. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या, सोन्याशी रुपयाचा संबंध कसा जोडावा यावर वर्षानुवर्षे वाद चालले, आणि दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स यावर व्यापारी व सरकार भांडू लागले. या जंगलात बाबासाहेबांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला : रुपया उतरला की कोणाचे नुकसान होते? भाव लगेच चढतात, मजुरी मागाहून रखडत चढते. मधल्या काळातला व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून आलेला असतो. १९२५ मध्ये चलन आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. खाणीतल्या कामगाराला टांकसाळीचा कायदा सांगून कळणार नाही. पण भाव आधी आणि पगार मागून, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आणि ठाऊक असल्यामुळेच तो म्हणू शकतो, "नाही साहेब, अमुक साली आमच्याकडे असे झाले नाही." आम्हांस येथे पहिल्यांदा उमगले की, थोडक्यात सांगितलेल्या गोष्टीला ऐकणारा अडवू शकतो, चारशे पानांना तो अडवू शकत नाही, फक्त नमस्कार करू शकतो.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. विषय होता मनुष्याच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसणे. एवढेच ऐकून कोणी म्हणेल, यात काय ठेवले आहे? परंतु गुरूंचा कयास असा होता की, युरोपीय लोकांच्या कवटीत हा फरक अधिक असतो, आणि तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह होय. बाईंनी युरोपीय आणि आफ्रिकी अशा दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. उत्तर आले ते असे : फरक सगळ्यांतच आहे, आणि त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशातील एक तरुण विद्यार्थिनी, पदवी गुरूंच्या हाती, आणि आकडे गुरूंच्या विरुद्ध. तिने आकडे लिहिले. थोड्याच वर्षांत त्या देशात वंशश्रेष्ठतेच्या नावाखाली काय झाले ते आपण जाणतो, आणि फिशर कोणत्या बाजूस होते तेही.

हा प्रबंध दोन वाक्यांत सांगता येतो : तुमचे डोके वाकडे आहे आणि माझेही; त्यावरून कोण शहाणा ते ठरत नाही. श्रोते हसतील, आणि हसता हसता आपल्या डोक्यावरून हात फिरवतील. मोजणीची पद्धत, हाडांची नावे, सरासरी काढण्याचे गणित, हे सारे बाजूला राहिले. पण कशाला हो म्हणायचे आणि कशाला नाही, ते श्रोत्यास स्पष्ट झाले.

अलीकडे याची स्पर्धाही निघाली आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली अशी प्रथा पाडली की, विद्यार्थ्याने आपला प्रबंध तीन मिनिटांत सांगावा. या तीन मिनिटांचा उगम मोठा मौजेचा आहे. त्या प्रांतात भयंकर अवर्षण पडले होते, आणि अंघोळीला पाणी बेताने वापरावे म्हणून लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांची वाळूची घड्याळे लावली होती. ती पाहून विद्यापीठातील एका अधिकाऱ्याला ही कल्पना सुचली. पाण्याच्या टंचाईने विद्वानांना शब्दांची काटकसर शिकविली! आमचा तर विषयच पाण्याचा, तेव्हा ही हकीकत आम्हांस फारच भावली.

म्हणून आम्हीही आपला प्रबंध पुन्हा सांगायला बसलो. या वेळी कायद्यापासून नव्हे, बोडीपासून.

चंद्रपूरच्या पूर्वेकडे धानाचा मुलूख आहे. धानाच्या बांधीला पाऊस ओढला की तलावाचे पाणी हवे. गोंड राजा हिरशहा याने जाहीर केले होते की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन मिळेल. ही परंपरा मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालात नोंदली आहे. कोहळी लोकांनी असे किती तरी तलाव उभे केले. इंग्रजांनी मालगुजाराला गावाचा धनी केले आणि तलावही त्याचा झाला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे गेले. लोक त्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. तलावाचा धनी चार वेळा बदलला. प्रश्न एवढाच की, दर खेपेस पाळीवर माती कोणी टाकली? आमच्या प्रबंधाचे उत्तर असे होते : जोवर धनी गावात राहत होता तोवर पाळीची दुरुस्ती होत होती, धनी दूर गेला आणि तलाव गाळाने भरले.

हे आम्ही नागभीडकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवरच बसून सांगितले. पाच मिनिटे लागली. ऐकून एक म्हातारे उठले. म्हणाले, "मालगुजारानं माती टाकली, हे कोण सांगितलं तुम्हाले? माती आमच्या बापानं टाकली. बेगारीत. मालगुजार पाळीवर छत्री घेऊन उभा राहे."

आमच्या हाती जे कागद होते ते मालगुजारांच्या घरचे होते. त्यात खर्च मांडलेला होता. बेगारीला खर्च नसतो, म्हणून ती मांडलेली नव्हती. चारशे पाने परीक्षकांनी वाचली, त्यांपैकी कोणीही या ठिकाणी बोट ठेवले नव्हते. ज्यांच्या बापाने माती टाकली त्यांना पाच मिनिटांत ते दिसले. त्यानंतर आम्ही आणखी काही गावे हिंडलो आणि प्रबंधाचे चौथे प्रकरण निम्म्याहून अधिक नव्याने लिहिले. निष्कर्ष साफ उलटा झाला असे नाही. धनी जवळ असण्याला महत्त्व आहेच, पण ते कामावर माणसे आणण्यापुरते. मालगुजारीबरोबर बेगार गेली, ती जायलाच हवी होती. तिच्या जागी मजुरी देऊन माती टाकणारे कोणी वेळेवर आले नाही. बोड्या फुटल्या त्या या फटीतून.

माजरीच्या त्या गृहस्थांना आता उत्तर देता आले असते, पेला अर्धा होण्याच्या आत. पुढे आम्ही दोनदा त्या स्टेशनावर उतरलो. चहावाला तोच होता, पण असे पाळी संपवून येणारे दिवसाला शेकडो असतात, असे तो म्हणाला. त्यांच्या गावाचे नाव आम्ही त्या दिवशी विचारून घेतले नव्हते.